बाबलरावांच्या करवंटीची हकीकत

॥ श्री ॥ खाडीकाठची देवी प्रसन्न असो, सांगणाऱ्याच्या जिभेस गोडी आणि ऐकणाऱ्यास धीर देवो. शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी खाडीअलीकडील राज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे.

राज्यात देऊळ एक, शाळा एक आणि दाजींचे नारळाच्या माडीचे दुकान एक. पैकी नित्य भरलेले म्हणाल तर तिसरेच. तेथील दस्तूर ऐसा की प्रत्येक गिऱ्हाइकाने आपली करवंटी स्वहस्ते घासून खुंटीस टांगावी, दुसऱ्याच्या करवंटीस ओठ लावू नये, आणि तिचा धनी मयत जाहलिया दाजींनी ती उंबऱ्यावर फोडावी. त्या दरबारी होडीवाले बाबलराव मोठे मानकरी. त्यांची कन्या चंद्रभागा, वय वर्षे नऊ. तिला गतसाली बाबांनी पैलतीरीच्या जत्रेस नेण्याचे वचन दिधले, आणि पोर नवा परकर नेसून दिवसभर धक्क्यावर बसली, आणि बाबलराव करवंटीपाशीच अडकले, आणि मग पोर रडत माघारी फिरली. यंदा पुन्हा वचन जाहले. चंद्रभागाबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

मग बाईंनी मसलत केली. जत्रेच्या आदल्या दिवशी मातोश्रींनी पीठ फुगावे म्हणून त्यात घालावयास थोडी माडी आणण्यास पाठविले, तोच मोका साधून स्वारी दुकानी दाखल जाहली, आणि दाजी मडक्याकडे वळताच बाबांची करवंटी उतरवून ओच्यात दडविली, आणि चेहरा साळसूद ठेवून घरी कूच केले. सायंकाळी बाबलराव येतात तो खुंटी रिकामी! गहजब जाहला. "माजी करटी खंय गेली रे दाजी?" "माका काय म्हायत? मी काय तिची राखण करत बसलंय?" ऐसे बोलोन दाजींनी काचेचा गिलास पुढे केला, तेव्हा बाबलराव संतापले, "गिलासात पावणे पितत!" आणि कोरड्या घशाने चालते जाहले.

येथवर फत्ते. परंतु सेनापतीचे वय नऊ. अंगणात भातुकली मांडली होती, आणि बाबा तोंड पाडून पायरीवर बसलेले पाहून बाईंस दया आली, आणि त्यांस पाहुणे म्हणून पाटावर बसविले, आणि चिखलाची खीर वाढली, ती नेमकी त्याच करवंटीत! काठावर होडीची खूण बाबांनी स्वतः सुरीने कोरलेली. ती त्यांनी अंगठ्याने चाचपली. तेव्हा बाईंच्या ध्यानी चूक आली आणि तोंडचे पाणी पळाले. आता करवंटी गेली आणि जत्राही गेली, ऐसे वाटोन डोळे भरले.

 बाबलरावांनी करवंटी ओठांशी नेऊन खोटाच भुरका मारिला आणि बोलिले, "खीर बरी झाली गो. साखर वायच कमी पडली." आणि करवंटी पोरीच्या चुलीपाशी ठेविली. दुसरे दिवशी बाबांनी होडी वल्हविली, आणि बाईंनी जत्रेत खाजे खाऊन पोट बिघडविले.

लिहिणारा खोटे लिहीत नाही. शिमग्यास बाबलरावांनी नवी करवंटी घासून टांगिली, आणि पुढे पुष्कळ वर्षे ती कोरडी म्हणून राहिली नाही. पहिलीविषयी मात्र हयातीत चकार शब्द काढिला नाही. ते निवर्तल्यावर दाजींनी थकल्या हातांनी नवी उंबऱ्यावर फोडिली, आणि मग चंद्रभागाबाईंच्या दारी येऊन उभे राहिले. "चंद्रा, पयली तुझ्याकडे आसा. तू नेलंस तेव्हाच माका दिसला होता. ती पण फोडूक व्हयी गो."

बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "ती बाबांची नाय, दाजीकाका. ती माझ्या भातुकलीची."

दाजींनी मान हलविली आणि काठी टेकत माघारी गेले.

सारांश, दुकान मोडले, होडी कुजली, करवंटी साबूत आहे आणि बाईंच्या घरी मिठास लागते. लेखनात साखर कमी पडली असल्यास वाचणारांनी पदरची घालावी.