दात काढणारे दोघे

निरोपकाकांनी सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि दुखऱ्या गालावरचा हात गालावरच राहिला. गावातल्या नामवंतांचे मृत्युलेख तेच लिहीत. गवई असो, वकील असो की पहिलवान, प्रत्येकाला त्यांनी हळुवार निरोप दिलेला. म्हणून कचेरीत हे नाव पडलं. काल एकाच दिवशी दोघे गेले होते. एक विनोदी नट आणि दुसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टर तर काकांची दाढ अर्धी कोरून ठेवून गेले.

नटांबद्दल काकांनी लिहिलं होतं, 'आयुष्यभर त्यांनी लोकांना दात काढायला लावले.' वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याने ते वाचलं, दात म्हणजे डॉक्टरच असं मनाशी ठरवलं आणि दोन्ही मजकुरांची अदलाबदल केली. आता डॉक्टरांच्या फोटोखाली होतं, 'नकला अशा करत की हसून हसून डोळ्यांत पाणी यावं.' आणि नटांच्या फोटोखाली, 'बोलणं मोजकं. त्यांच्यासमोर बसताना भलेभले घाबरत.'

"अहो, दात काढायला लावले म्हणजे हसवलं!" काका कचेरीत येऊन ओरडले.

"मला वाटलं, दाढदुखीत तुमचं चुकलं," पान लावणारा म्हणाला. "म्हणून सुधारलं."

संपादकांनी चष्मा उतरवला. "दोन्ही घरी जाऊन माफी मागा. एकाही घरून तक्रार आली, तर उद्यापासून तुम्ही हवामान लिहायचं."

हवामान! ढगाला ना बालपण, ना गोतावळा. काका तडक नटांच्या घराकडे निघाले.

नटांच्या पत्नीने दारातच हात जोडले. "किती खरं लिहिलंत! घरात मोजकंच बोलायचे. जेवायला समोर बसायची भीती वाटायची मला. सगळं हसू तिकडेच वाटून यायचे हो."

काकांनी माफी गिळली.

डॉक्टरांच्या घरी पोचेपर्यंत गाल टम्म फुगला होता आणि शब्द वाकडे पडू लागले होते. "वहिनी, माफ हरा. हूक झाली. ते हाक्तरांचं नाही."

बाई बघतच राहिल्या. त्यांचे ओठ थरथरले. काका मनातल्या मनात ढग मोजू लागले. तोच बाईंनी हात तोंडाशी नेला.

"अगंबाई, तुम्हीच का ते? 'हळू हो हाक्तर, हळू'वाले?"

"आँ?"

"जेवताना रोज पेशंटांच्या नकला करायचे! तुमची तर मी हट्टाने पुन्हा पुन्हा करून घ्यायची. ठसका लागायचा हो मला." त्या हसत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "बाहेर सगळे त्यांना खडूस म्हणायचे. पेपर वाचला आणि वाटलं, कुणीतरी ओळखलं यांना. ते बदलू नका हं."

"नाही हदलत."

बाईंनी जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. तिथली एक खुर्ची रिकामी होती.

"एकदा म्हणता का हो? तसंच?"

काकांनी गाल धरला, डोळे मिटले आणि आयुष्यातला सर्वांत छोटा मृत्युलेख तोंडी सांगितला,

"हळू हो, हाक्तर... हळू."