अनावश्यक ध्वनी

माणूस वाचून शिकतो त्यापेक्षा ऐकून जास्त शिकतो, ऐकून शिकतो त्यापेक्षा पाहून जास्त शिकतो, आणि या तिन्हींची सोय नसेल तर परिपत्रकातून शिकतो. आमच्या शहरातले दृक्‌श्राव्य साधन प्रसार खाते याच सत्याच्या पायावर उभे आहे. (इमारत मात्र भाड्याची आहे.)

शाळांत आणि प्रौढांच्या वर्गांत चित्रफिती पोचवणे हे खात्याचे काम, आणि ते चोख चालते. गेल्या पाहणीत आढळले की शंभरातल्या ब्याण्णव शाळांत पडदा आहे, अठ्ठ्याऐंशींत तो कुलपात आहे आणि उरलेल्या चारांत कुलूप शोधणे चालू आहे. पडद्यावर एकही ओरखडा नसणे हा साधनाच्या उत्तम वापराचा पुरावा मानला जातो.

माझा या खात्याशी संबंध आला तो आईमुळे. आई संध्याकाळी प्रौढ बायकांना लिहाय-वाचायला शिकवायची. वर्ग चांगला चालतो असे कानावर गेल्यावर खात्याने कॅमेरा आणून तिचा अख्खा पाठ टिपला आणि ‘आदर्श पाठ’ म्हणून गावोगाव पाठवला. गेल्या हिवाळ्यात आई गेली. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. घरात ती सतत बोलत असे, आणि जे चालूच आहे ते कोणी टिपून ठेवत नाही. म्हणून मी खात्यात गेले.

प्रसार अधिकारी अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली, पडदा कुलपातून काढवला आणि पाठ लावला. एक हात फळ्यावर ‘घ’ काढत होता. हात आईचा होता. आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा होता. नितळ, कडक इस्त्री केलेला.

“हा आईचा आवाज नाही,” मी म्हणाले.

“नसणारच, ताई. स्वच्छ केलाय.”

“म्हणजे?”

“तुमच्या आईंचा पाठ म्हणजे आमची शान हो. पण अनावश्यक ध्वनी फार. खोकणं काय, हसणं काय, मध्येच कुणाला नावानं हाका काय. पन्नास मिनिटांच्या पाठात शिकवणं निघालं सहा मिनिटांचं. मग तेवढ्यासाठी तोच आवाज कशाला? आमच्याकडे प्रमाणित बाई आहेत ना.”

“आणि बाकीची चव्वेचाळीस मिनिटं?”

तेव्हा कोपऱ्यातल्या संकलकांनी मान वर केली. खात्यात सगळे त्यांना कात्रीकाका म्हणतात. “टाकली नाहीत हो. मन होईना. ‘काय टाळावे’मध्ये घेतलीत.”

‘काय टाळावे’ ही नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवायची चित्रफीत. ती खात्याबाहेर नेता येत नाही (चुका पसरू नयेत म्हणून) आणि प्रशिक्षणार्थींखेरीज कुणाला दाखवता येत नाही. प्रशिक्षणार्थी व्हायला लिहिता-वाचता येणे आणि दुपारपर्यंत एका जागी बसता येणे, एवढीच पात्रता लागते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मला दोन्ही जमते. नाव नोंदवले.

सकाळी आदर्श पाठ झाला. तो प्रशिक्षणार्थींनी डोळे मिटून ग्रहण केला. चहानंतर ‘काय टाळावे’. दिवे मालवले, आणि आई खोकली.

मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“अहो आजी, पेन्सिल आहे ती, कोयता नव्हे. हळू धरा,” आई म्हणाली.

“चूक क्रमांक दोन,” प्रशिक्षक म्हणाले. “अध्यापनात शस्त्राचा उल्लेख.”

पडद्यावर एका बाईने विचारले, “बाई, माझं नाव एवढं लांबलचक का ठेवलं असेल हो?”

“ठेवणाऱ्याला लिहायचं नव्हतं ना! घे, अर्धं आज लिही, अर्धं उद्या.” वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने आई.

“चूक क्रमांक पाच, आशयाचे तुकडे पाडणे. सहा, हसणे.”

कुणाचे तरी मूल रडू लागले. ते कडेवर घेऊन आई फळ्याकडे वळली. (चूक क्रमांक सात, वर्गात अनधिकृत व्यक्ती.)

माझ्या शेजारच्या बाई एव्हाना खडबडून जाग्या झाल्या होत्या. “सर, ह्या कुठे शिकवतात हो? आमच्या आत्याला पाठवलं असतं.”

“अहो, ती चूक आहे,” प्रशिक्षक म्हणाले. “चुकीला पत्ता नसतो.”

शेवटी चाचणी झाली. मी सगळ्या चुका ओळखल्या (त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले होते) आणि पहिली आले. इथे घात झाला. प्रमाणपत्र मिळालेल्याला पुन्हा प्रशिक्षणाला बसता येत नाही, कारण तो शिकलेला असतो. नापास मात्र कितीदाही बसू शकतो. मी प्रमाणपत्र परत केले (असे आजवर कुणी केले नसल्याने त्यासाठी समिती नेमावी लागली) आणि पुढच्या खेपेपासून नापास होऊ लागले. ते सोपे होते. ‘वरील दृश्यात कोणती चूक आढळते?’ या प्रत्येक प्रश्नाखाली मी ‘एकही नाही’ असे लिहीत असे.

प्रशिक्षक हळहळत. “ताई, लक्ष कमी पडतंय तुमचं. अजून नीट ऐकत चला.”

मी ऐकत असे.

पण खात्याच्या नजरेतून चांगली गोष्ट सुटत नाही. ‘काय टाळावे’ चालू असताना सत्त्याण्णव टक्के लोक जागे असतात आणि आदर्श पाठाच्या वेळी अकरा टक्के (प्रशिक्षक धरून), असे पाहणीत दिसून आले. इतके प्रभावी साधन असल्या खोकत्या अवस्थेत ठेवणे बरे नव्हे, असे ठरले. आता तेही स्वच्छ करायला घेतले आहे. चुका तशाच राहतील. प्रमाणित बाई त्या स्पष्ट उच्चारांत करून दाखवतील.

मी कात्रीकाकांना गाठले. “काका, तुम्ही नका ना कापू.”

“मी नाही कापलं तर दुसरा कापेल, पोरी. मी निदान जपून कापतो.”

“मग या वेळची कातरणं कुठे जातील?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “चुकांतल्या चुकांना फीत नाही गं आपल्याकडे.”

तरी खाते मनमानी करीत नाही. नेमके काय काढावे यावर त्यांनी नागरिकांचे मत मागवले आहे. माझे मत ‘काहीही नको’ असे होते. नातेवाइकांचे मत भावनिक धरतात, म्हणून ते बाद झाले. त्यांना अनुभवी माणसे हवी आहेत, शक्यतो आई हयात असलेली.

आज संध्याकाळी तुमची आई फोनवर चार मिनिटांचा निरोप बोलून पाठवील. जेवलास का, सर्दी कशी आहे, शेजारणीच्या जावयाचे काय झाले, मध्ये थोडा खोकला, आणि ‘बरं, ठेवते आता’ म्हटल्यावर आणखी दीड मिनिट. तो तुम्ही दुप्पट वेगाने ऐकाल, जावई ओलांडून पुढे जाल आणि उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवाल. एवढी सफाई खात्यातही कुणाला साधलेली नाही. मी तुमचे नाव सुचवले आहे.