नलूमावशींची अंघोळ

नलूमावशींचं नाव आधी घेतो. इथे आयर्लंडमध्ये, सिटीवेस्ट भागात मला खोली मिळाली ती त्यांच्यामुळे, आणि त्या शनिवारी मला वेड लागलं नाही तेही त्यांच्यामुळेच.

टीव्हीवर लढाईत माणसं गेल्याची बातमी आली की नलूमावशी उठून डोक्यावरून अंघोळ करतात. माणसं कुठल्याही देशाची असोत. "लांबच्या नात्याचं दहा दिवस पाळायचं नसतं, नुसती अंघोळ पुरते," हे त्यांचं शास्त्र. हल्ली जगात इतक्या लढाया चालल्यात की घरात गरम पाणी उरतच नाही. त्यांचा मुलगा निखिलदादा, कंपनीत मोठा इंजिनिअर, खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमबाहेर विनवत असतो, की आई, बातम्या माझी अंघोळ झाल्यावर लावत जा ना.

मी नववीत शाळा सोडलेला आचारी. इथल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळतो. निखिलदादाला भाडेकरू नकोच होता. मावशींनी विचारलं, घरी कोण कोण? मी म्हटलं, आई आणि धाकटा भाऊ महेश. तो फौजेत आहे, सीमेवर. झालं. त्यांनी माझी बॅग स्वतः उचलून आत नेली. तेव्हापासून "जेवलास का?"च्या आधी "महेशचा फोन आला का?"

मध्यंतरी त्यांची नात सई आम्हाला युद्धावरच्या एका नव्या सिनेमाला घेऊन गेली. सईला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पडद्यावर माणसं धडाधड पडू लागली आणि मावशी एकेकाला हात जोडू लागल्या. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. घरी आल्यावर मावशी तडक बाथरूममध्ये. निखिलदादाच्या प्रमोशनचं श्रीखंड फ्रिजमध्येच राहिलं, कारण अशा दिवशी गोड नाही.

सई दारावर टकटक करून म्हणाली, "आजी, दे आर अ‍ॅक्टर्स. दे आर ग्रँड!" इथे ग्रँड म्हणजे ठणठणीत.

"असतील बाई," आतून आवाज आला. "पण त्यांनी ज्यांची सोंगं घेतली ते गेलेच ना?"

मग तो शनिवार. उठलो तर फोनवर बातमी : आपल्या सीमेवर चकमक, काही जवान गेले. नावं अजून नाहीत. महेशचा फोन बंद. आईला विचारायची माझी छाती होईना. खाली आलो तर मावशी टीव्हीसमोर बसलेल्या. बाथरूमचं दार आता वाजेल, मग वाजेल म्हणून मी जीव मुठीत धरून उभा. दार वाजलंच नाही. निखिलदादा बिचकत म्हणाला, पाणी तापलंय.

"आज अंघोळ नाही," मावशी म्हणाल्या.

पारोशानं स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या बाईनं त्या दिवशी पारोशानंच मला चहा करून दिला. देवाला दिवासुद्धा लावला नाही.

सईच्या कॉलेजची बास्केटबॉलची फायनल कॉर्क शहरात होती. मी घरीच थांबतो म्हणालो. मावशींनी माझं जॅकेट पुढे केलं आणि मला गाडीत बसवलं.

तिथे माझा फोन त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला. पोरी एकमेकींवर धडकत होत्या, आपटत होत्या. कुणी पडली की मावशी पुढे झुकत. ती उठली की मागे टेकत.

"बरा खेळ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पडलेल्या सगळ्या उठतात."

खेळ संपत आला आणि फोन थरथरला. महेश. नेटवर्क बंद केलं होतं दादा, मी ठीक आहे, म्हणाला. पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी ढसाढसा रडायला लागलो. नेमका तेव्हाच विरुद्धच्या टीमनं शेवटचा बास्केट टाकून सामना जिंकला. शेजारच्या आयरिश आजोबांनी माझी पाठ थोपटली आणि पुढच्या वर्षी नक्की जिंकाल, असा धीर दिला.

घरी पोचताच मावशी जिना चढू लागल्या. टॉवेल घेतलेला पाहून मी म्हटलं, मावशी, अहो, महेश बरा आहे.

"तुझा महेश बरा आहे रे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा तरी गेलाय ना."

पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. निखिलदादानं आपला टॉवेल परत कपाटात ठेवला.

मावशी, महेशला सुट्टी मिळाली की एकदा त्याला इथे आणून तुमच्यासमोर उभा करीन. तुमचं बाकीचं फिटणार नाही, पण तेवढं तरी मी फेडीन.