निशाणी क्रमांक चार

फुलाबाई गेल्याचं सावळीरामला कळलं तेव्हा तो लासलगावच्या वजनकाट्यावर एका ट्रॅक्टरचा आकडा वाचत होता. फोन शेजारच्या आक्काबाईचा होता. ती म्हणाली, "भाऊ, घरी या. फुलाबाई चुलीपुढं बसली ती उठली नाय."

सावळीरामनं आकडा पूर्ण वाचला, पावती फाडून दिली आणि मग खुर्ची सोडली. बत्तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाचा हात तसाच चालतो. मोजमापात आपला हात कोणी धरणार नाही, असं तो सगळ्या वडाळखेड्याला सांगत आला होता. ते खोटंही नव्हतं. घरातल्या माणसाचं वजन मात्र त्यानं कधी केलं नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी हार आला आणि घोटाळा ध्यानात आला. सटाण्याहून आलेली लेक ललिता म्हणाली, "आप्पा, आईचा फोटो कुठंय?"

फोटो नव्हता. लग्नांच्या अल्बमांत शोधला. जिथं फोटो काढत होते तिथं फुलाबाई नव्हती, कारण ती मागं पुऱ्या लाटत होती. आधार कार्डावर एक होता, पण तो इतका काळा की तो पाहून खुद्द फुलाबाईनंच विचारलं होतं, "ही कोण?"

हार खुंटीला लटकत राहिला. मग सावळीरामला एकदम आठवलं. "फोटो आहे," तो म्हणाला. "सरकारकडं आहे. आठ दिवसांत आणतो."

त्याचं असं झालं होतं. आदल्या मार्च महिन्यात गावठाणाची मोजणी करायला सरकारी ड्रोन येणार होता. दवंडी झाली होती की ज्यानं त्यानं आपल्या जागेचे कोपरे चुन्यानं आखून ठेवावेत, म्हणजे वरून हद्द दिसेल. सावळीरामनं तीन कोपरे झोकात आखले आणि चौथ्याला चुना संपला. नेमका तोच कोपरा आक्काबाईबरोबर भांडणातला. त्यात त्याला कामावर जायला उशीर होत होता.

"असं कर," तो फुलाबाईला म्हणाला, "तूच बस तिथं. खताची पांढरी गोणी घे डोक्यावर. वरून चुन्यासारखीच दिसशील."

"किती वेळ बसू?"

"मी सांगेपर्यंत उठू नकोस."

ड्रोन सकाळी दहालाच येऊन गेला. सावळीराम संध्याकाळी सहाला परत आला, तर फुलाबाई गोणीची खोळ घेऊन कोपऱ्यात तशीच. "उठू का?" तिनं विचारलं. त्याच्या कानाला फोन होता. तो तसाच बोलत बोलत घरात गेला. थोड्या वेळानं ती आपली आपणच उठली असावी, कारण जेवायला भाकरी गरम होती.

पुढं कित्येक महिने त्यानं हा किस्सा काट्यावर रंगवून सांगितला. "लोक चुना असून सरकारला लावत नाहीत. माझ्या बायकोनं नसताना लावला." ट्रॅक्टरवाले हसायचे. चहा आणणाराही हसायचा.

तर तो फोटो आणायला सावळीराम नाशिकला गेला. गंगापूर रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भूचित्र भांडार नावाचं ऑफिस होतं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सरकारी नकाशे जनतेसाठी खुले. दार बंद होतं. ते ढकलायचं आहे की ओढायचं, यात त्याची पाच मिनिटं गेली.

आत वाल्मीक नावाचा कारकून होता. त्यानं कोरा अर्ज पुढं केला. "वापराचा हेतू लिहा, काका."

सावळीरामनं लिहिलं: हार घालणे.

वाल्मीकनं दोनदा वाचलं. "असा हेतू यादीत नाही. संशोधन, नियोजन, शिक्षण, व्यापार आणि इतर, एवढेच."

"मग इतर करा."

"इतर केलं की मॅडम बोलावतात."

मॅडमनी बोलावलं. तेजस्विनी मॅडम वयानं लहान आणि स्वभावानं चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येईना. त्यांनी धोरण समजावून सांगितलं. लांबून काढलेला नकाशा कोणालाही पाहता येतो. जवळून काढलेलं चित्र हवं असेल तर परवाना लागतो. परवाना घेतला तरी चित्र पुढं वाटायचं नाही, त्यात फेरफार करायचा नाही आणि खाली आमचं नाव छापलेलं राहू द्यायचं.

"सगळं कबूल," सावळीराम म्हणाला. "माझी बायको आहे त्यात."

मॅडमचा पेन थांबला. "चित्रात माणूस आहे? मग देता येणार नाही. माणसाची माहिती खाजगी असते. त्यांची लेखी संमती आणा."

"ती वारली."

"अरेरे. मग वारसांची आणा."

"पहिला वारस मीच."

"अर्ज करणारे तुम्ही आणि संमती देणारेही तुम्हीच? तसं चालत नाही हो, काका."

सावळीराम बाहेर येऊन बाकावर बसला. थोड्या वेळानं वाल्मीक त्याच्या शेजारी टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, मी चित्र उघडून बघितलं. आमच्याकडं तिथं बाई नाहीच. ज्यानं नकाशा काढला त्यानं लिहून ठेवलंय, हद्दीची निशाणी क्रमांक चार, दगडी, कायम स्वरूपाची. निशाणीला संमती लागत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही फक्त लिहून द्या की चित्रात कोणीही व्यक्ती नाही. नियोजनासाठी हवंय म्हणा. पण लवकर करा. नवीन चित्र येतंय. ते आलं की जुनं द्यायचं बंद."

सावळीरामनं पेन हातात घेतला. बत्तीस वर्षांत त्यानं एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. मग त्यानं लिहिलं: सदर चित्रात कोणीही व्यक्ती नाही. खाली सही केली. सहीचा शेवटचा फाटा वाकडा गेला.

चित्र मिळालं. वाल्मीकनं बोट ठेवून दाखवलं, "एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पाच सेंटिमीटर. काकू अकरा ठिपके आहेत." सावळीरामनं स्वतः पुन्हा मोजले. अकराच भरले. बाजूला तिची सावलीही होती, सात ठिपके.

फ्रेम करून चित्र भिंतीवर लावलं. वरून दिसणारी पत्र्याची घरं, आक्काबाईच्या कोंबड्या, एक काळी पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात पांढरा डाग. खाली छापलेलं: स्रोत, भूचित्र भांडार. परवान्याशिवाय वापर करू नये. हार घातला तो बरोबर डागावर आला. मग येणारे पाव्हणे पाण्याच्या टाकीलाच हात जोडायचे. एकजण तर गहिवरून म्हणाला, "चेहऱ्यावर किती शांती आहे."

इथवर सगळं ठीक होतं. पण आक्काबाईच्या कोंबड्या त्या चौथ्या कोपऱ्यात जाईनाशा झाल्या. दाणे टाकले तरी हातभर अलीकडं थांबायच्या. खुद्द आक्काबाई, जिनं त्या कोपऱ्यासाठी वीस वर्षं भांडण केलं होतं, तीही आता वळसा घालून जायची.

"आक्का, सरळ जा की," सावळीराम एकदा म्हणाला. "आता अडवणारं कोण आहे?"

"नगं बाबा. बसलेल्या माणसाला वलांडून जाऊ नये," ती म्हणाली आणि तिनं पदर सावरला.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्या गावाला पत्रं आली. नवीन पाहणी झाली आहे, निशाण्यांची पडताळणी सुरू आहे, निशाणी हलवणं हा गुन्हा आहे. सावळीरामनं मनात हिशेब मांडला. नव्या चित्रात चौथा कोपरा रिकामा दिसणार. दगड कुठं गेला, विचारणार. जाळला म्हणून कसं सांगायचं? सहीचा कागद तर त्यांच्याकडंच.

दुसऱ्या दिवशी तो नाशिकला जाऊन वाल्मीकच्या टेबलासमोर उभा राहिला. "मी खोटं लिहून दिलं. ती निशाणी म्हणजे माझी बायको होती. आता ती जागेवर नाही. काय दंड असेल तो सांगा."

"हळू बोला, काका." वाल्मीकनं कॉम्प्युटरवर नवीन चित्र उघडलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं. मग म्हणाला, "तुमचं काहीतरी चुकतंय. निशाणी जागेवर आहे."

सावळीराम वाकला. पत्र्याची घरं होती. टाकी होती. चौथ्या कोपऱ्यात पांढरा डाग होता. त्यानं बोट लावून ठिपके मोजले. अकरा.

"हे चित्र कधीचं?"

"पाच फेब्रुवारी. सकाळी दहा."

"ती डिसेंबरात गेली."

वाल्मीकनं खुर्ची थोडी मागं घेतली. "कपडे वाळत घातले असतील कोणी."

"घराला कुलूप होतं. मी काट्यावर होतो."

मग वाल्मीकनं हळूच विचारलं, "काका, त्यांना तिथं कोणी बसवलं होतं?"

"मी."

"आणि मग?"

सावळीराम दाराकडं वळला. बाहेर येताना त्या दाराशी तो परत पाच मिनिटं अडकला.

मॅडमनी त्याला बोलावून घेतलं नाही. आठ दिवसांनी नुसतं पत्र आलं: निशाणी क्रमांक चार जागेवर आढळली, पडताळणी पूर्ण, मात्र सदर निशाणीच्या जागी नियमाप्रमाणे पक्का दगड बसवून घ्यावा. पत्र वाचलं ती ऊन उतरायची वेळ होती. सावळीरामनं घरात जाऊन खुंटीवरची पांढरी गोणी काढली. खोळीची घडी तशीच होती. घर दिवसभर बंद होतं, आणि गोणी मात्र उन्हातून आत्ताच आणल्यासारखी गरम होती.

त्यानं ती परत खुंटीला लावली. गवंड्याकडून दगड आणला. घडीव, चांगला, काट्यावर तोलून घेतलेला. खड्ड्यासाठी पहारही उसनी आणली. आक्काबाईनं पायरीवरून विचारलं, "भाऊ, कधी बसवताय?"

"बसवू," तो म्हणाला. "आधी जागा मोकळी व्हायला हवी."

याला आता तीन महिने झाले. दगड अंगणात पडून आहे. कामावरून आल्यावर सावळीराम रोज त्या कोपऱ्याशी जातो, फोन खिशात ठेवतो आणि थोडा वेळ उभा राहतो. ऊठ म्हणायचं अजून राहिलं आहे.