शाणूबाबांची रेघ

शाणूबाब कुणाच्याही घरी गेले की आधी बाहेर पावलं मोजत. यजमान दारात हात जोडून उभा, आणि हे कुंपणापासून भिंतीपर्यंत, "एक, दोन, तीन..." मग आत येऊन पाणी पिता पिता सांगत, "रस्त्यापासून दोन पावलां कमी पडतत." माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडव मोजला आणि "आगीचो बंब आत शिराचो नाय" असं माझ्या वडिलांना ऐकवून मगच अक्षता हातात घेतल्या.

ते आमच्या नगर नियोजनाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन, मी कारकून. माझ्या गावाहून, पार्स्याहून, दोन बस बदलून पोचेपर्यंत माझा निम्मा जीव गेलेला असे. उरलेला निम्मा अर्जांवर 'पाहणी करून अहवाल द्यावा' लिहिण्यात जाई. पाहणीला कुणी जात नसे. टेबलावर बसून शहर वाढवायचं, हीच आमची रीत. शाणूबाब मात्र पेन्सिलीची एक रेघ ओढायची तरी छत्री घेऊन तासभर चालत जात.

"नकाशार माणूस दिसणा नाय, बाबा," म्हणत.

त्यांच्यापायी कामं महिनोन्‌महिने अडत. साहेब चिडत, कंत्राटदार चिडत आणि खरं सांगायचं तर मीही चिडे. दमलेल्या माणसाला प्रामाणिक माणसाचा फार त्रास होतो.

एकदा लाटंबार्शाच्या सरूमावशीचं घर नव्या रस्त्याच्या रेघेत आलं. म्हातारी विधवा, एकटी, घराभोवती चार-पाच काजूची झाडं. शाणूबाब जाऊन पाहून आले आणि रेघ घरामागच्या पडीक जागेतून वळवली.

साहेब कडाडले, "एका म्हातारीसाठी रस्ता वाकडा करायचा?"

"सायब, रस्त्याक वाकूक येता. तिका आता येणा नाय."

फाईल खाली-वर जात राहिली. सरूमावशी दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार उरकून, परतीच्या वाटेवर आमच्या कचेरीपाशी उतरे. रिकामी पाटी दाराशी ठेवून विचारी, "पुता, माझा घर रस्त्यात जाता काय रे?"

शाणूबाब नकाशा पसरत. बोट ठेवून सगळा रस्ता पहिल्यापासून समजावत. मध्ये चहा होई. शेवटी म्हणत, "सही होवची आसा अजून. फुडल्या शुक्रारा ये."

अशी वर्षं गेली. एकदा कपाट आवरताना ती फाईल माझ्या हाती लागली. रेघ बदलली होती, साहेबांची सही होऊन तीन वर्षं झाली होती. मी भडकलो.

"शाणूबाब, म्हातारीला कशाला हेलपाटे घालायला लावता?"

ते पेन्सिल तासत राहिले. "तिका ठावक आसा. सही झाली त्या दिसा मीच घरी जावन सांगलंय. गूळ-खोबरा हातार ठेवल्यान माझ्या."

"मग?"

"फुडल्या शुक्रारा परत इली. तोच प्रश्न विचारल्यान. माका काय सुचाक नाय. नकाशो पसरलंय."

मी फाईल परत कपाटात ठेवली.

मग एका शुक्रवारी ती आली नाही. शाणूबाब चारपर्यंत दाराकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला म्हणाले, "येतंस?" बसमध्ये ते नकाशाची गुंडाळी काखेत धरून बसले होते. त्यांच्या घरीही वाट बघणारं कुणी नाही, हे मला तेव्हा कुठे जाणवलं.

सरूमावशी खाटेवर होती. अंगणात पडून पाय मोडला होता. शेजारीण पेज भरवत होती. आम्हाला पाहून मावशी कोपरावर उठायला लागली.

"पुता, माझा घर..."

"पडून रव गे," म्हणत शाणूबाब खाटेच्या कडेला बसले. काखेतली गुंडाळी त्यांनी तिच्या गोधडीवर उलगडली आणि बोट ठेवून सुरुवात केली, "हो बघ, हयसून रस्तो सुरू होता..." शेजारीण वाडगा हातात धरून ऐकत राहिली.

शेवटी ते म्हणाले, "सही होवची आसा अजून. पाय बरो झालो काय ये."

सरूमावशीने उशीवर मान टाकली.

"उशीर करतत तुमचे सायब," ती समाधानाने म्हणाली.