हौसाकाकींचा निरोप

हौसाकाकी मोठ्या माणसांशी थेट बोलत नाहीत. बोलायचं ते कडेवरच्या मुलाला सांगतात. मोठ्यांनी ऐकून घ्यायचं. बारामतीत आमच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत, त्या नोकरदारांची सहा मुलं सांभाळतात. माझी ओवी त्यांपैकी एक. वय नऊ महिने.

"सांग गं पप्पाला, डबा विसळलेला न्हाय."

"सांग, सहा म्हंजे सहा. साडेसहा न्हाय."

ओवी बोळकं पसरून हसते. मी "चुकलं" म्हणतो, तेही ओवीकडे बघून.

चार वर्षं काकी एका मुलाचे महिन्याला दोन हजारच घेत होत्या. यंदा घरमालकाने भाडं वाढवलं; जमत नसेल तर खोल्या सोडा, म्हणाला. एका सकाळी ओवीच्या टोपड्याची नाडी बांधता बांधता काकींनी जाहीर केलं, "सांग पप्पाला, पुढल्या महिन्यापासनं अडीच हजार."

ओवीने जांभई दिली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. बाकीच्या पाच घरांनीही तेच केलं, हे नंतर कळलं. एक तारखेला सगळ्यांनी दोन हजारच दिले. काकींनी ते मोजून पैशांच्या डब्यात टाकले.

त्या महिन्यात निरोपाला धार आली. "सांग गं, कानात बोळं घातल्यात व्हय म्हणावं? खोल्या गेल्यावर तुमाला काय लिंबाला टांगू?" दारात आम्ही तिघे पालक होतो. आधी हसलो, मग खाली बघितलं. पुढच्या एक तारखेला सगळ्यांनी अडीच हजार दिले.

वैशाली सोडून. ती कापडाच्या दुकानात कामाला. तिला तेवढे जमणार नव्हते. आपल्या सव्वा वर्षाच्या मुलाला, शिवला, तिने इंदापूरला सासूकडे ठेवायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी काकींनी शिवला स्वेटर घातला. "सांग आईला, बरं झालं. एक कमी, तेवढंच माझं डोकं हलकं." वैशालीचे डोळे भरले. काकी शिवलाच म्हणाल्या, "आन् रडती कशाला म्हणावं? आजीकडंच चाललाय की."

रविवारी स्टँडवर काकी दिसल्या. धुवट लुगडं, हातात पिशवी, समोर इंदापूरची गाडी. ओवी माझ्याबरोबर नव्हती. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"शिवच्या आजीला सांगून येते. पालथा घालून थोपटल्याबिगर त्यो झोपत न्हाय. त्याच्या आयला ते ठावंच न्हाय. दुपारचा त्यो माझ्यापाशीच असायचा."