भट्टीवाल्यांच्या हातच्या बरगड्या

"अहो, मागचा पापुद्रा काढला का?" बायकोने खाटेवरून विचारलं.

भट्टीवाले ओट्यापाशी उभे होते. समोर ताटात बरगड्यांची अख्खी पट्टी पसरली होती आणि ते तिच्याकडे नुसतेच बघत होते.

"कुठला पापुद्रा?"

"हाडांच्या बाजूला असतो, पातळ. तो राहिला तर मांस मऊ व्हायचं नाही. कोरड्या फडक्यात धरा आणि ओढा."

भट्टीवाल्यांनी फडकं घेतलं, एक कोपरा चिमटीत धरला आणि ओढला. पापुद्रा सरकन निघून हातात आला.

"निघाला."

"सगळा?"

"सगळा."

"बघा, जमतंय की तुम्हाला," बायको म्हणाली. आवाजात मात्र धीर नव्हता.

भट्टीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. शहराच्या स्मशानात विजेची भट्टी होती, ती ते चालवत. ऐन उमेदीत लागले ते तिथेच पिकले. घरातल्या ओव्हनला त्यांनी हात लावायचा नाही असं कधी कुणी म्हणालं नव्हतं, पण कुणी लावूही दिला नव्हता. आज इलाज नव्हता. बायको न्हाणीघरात घसरली होती आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून पडली होती. अशात तिचा थोरला भाऊ जेवायला यायचा होता.

हा भाऊ खाटीक. उभं आयुष्य त्याने बोकडं सोलली, हाडं तोडली, पण बहिणीने भट्टीवाल्याशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून त्याने तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. यायचा तो इमारतीच्या फाटकापर्यंत. मटणाची पिशवी बहिणीच्या हातात द्यायचा, तिची खुशाली विचारायचा आणि वळायचा. भांडण नाही, वाईट शब्द नाही. भट्टीवाल्यांना तो 'दाजी' आणि 'अहो-जाहो'च करायचा, पण त्यांच्या हाताकडे बघणं टाळायचा.

आता तो दुखण्याने खंगला होता. डॉक्टरांनी त्याला आडपडदा न ठेवता उरलेले महिने सांगून टाकले होते. त्यानंतर त्याचा बहिणीला फोन आला. "छोटे, तुझा पाय बघायला येतो. जेवायलाही थांबेन म्हणतो." काल त्याच्या पोराने दुकानातून बरगड्या पोचवल्या आणि निरोप दिला, बाबांचे दात काढलेत, कवळी बसत नाही, हाडापासून गळून पडेल इतकं मऊ करा.

बायको रात्रभर जागी होती. पहाटे एवढंच म्हणाली, "आज जेवला नाही, तर मग दादा माझ्या घरी कधी जेवायचा?"

 भट्टीवाल्यांनी लसूण सोलायला घेतला.

मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण, चमचाभर साखर आणि थोडा शिरका. बायको सांगत गेली, ते चोळत गेले. मग बरगड्या चंदेरी कागदात घट्ट गुंडाळून ट्रेमध्ये ठेवल्या आणि ओव्हनचं बटण अगदी मंदावर आणलं.

"किती वेळ?"

"दुपारपर्यंत."

"एवढा?"

"तुमच्याकडे लवकर उरकतं म्हणून इथेही उरकेल का?"

भट्टीवाल्यांनी दार लावलं आणि सवयीने हात जोडले. मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

त्यांच्या कामात एक नियम होता. दार एकदा लावलं की पुरतं होईपर्यंत उघडायचं नाही. एका नव्या माणसाने एकदा मध्येच डोकावून पाहिलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेला आणि फुलांच्या दुकानात लागला. त्यामुळे बायको अधूनमधून "जरा उघडून बघा हो" म्हणायची, तेव्हा भट्टीवाले ओव्हनसमोर जाऊन उभे राहायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. दाराला हात लावायचे नाहीत.

जेवणाची वेळ जवळ आली तशी बायको म्हणाली, "आता कागद काढा आणि आच वाढवा. वरून लाली येऊ द्या."

कागद काढायचा तर दार उघडणं आलं. भट्टीवाल्यांनी सांगण्याचा पहिला भाग सोडून दिला आणि दुसरा जरा जास्तच मनावर घेतला. त्यांच्या हिशेबी शेवटची आच म्हणजे पूर्ण ताकद. त्यांनी बटण पार टोकापर्यंत फिरवलं.

खाली कुठेतरी 'फट्' झालं. पंखा मंदावत थांबला, फ्रिज गप्प झाला. इमारतीची वायरिंग इमारतीएवढीच जुनी होती. शेजारणीने दार उघडून विचारलं, "कुणी काय लावलं?" आणि हवेतला वास हुंगून स्वतःच उत्तर दिलं, "तुम्हीच."

तेवढ्यात लिफ्टच्या बोगद्यातून खोकला ऐकू आला.

बायकोने तो खोकला ओळखला. "अहो, तो दादा आहे."

भट्टीवाले चपला न घालताच धावले. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट त्यांच्या मजल्याच्या माणूसभर खाली अडकली होती. फरशीच्या पातळीला फक्त मेहुण्यांचं डोकं दिसत होतं. गाल बसलेले, मान बारीक झालेली. भट्टीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाकडे वरून पाहिलं.

वीजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "जेवतोय. येतो." फ्यूजच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी बाहेरगावी.

भट्टीवाले फरशीवर मांडी घालून बसले.  मग तोंडातून आपसूक तेच निघालं जे ते स्मशानात थांबलेल्या लोकांना रोज सांगत, त्याच खालच्या आवाजात. "वेळ लागेल. बसून घ्या. झालं की मी आवाज देतो."

मेहुण्यांनी मान वर केली. "दाजी, हे तुम्ही त्या लोकांना सांगता ना?"

"चुकून निघालं, दादा."

"माझ्या पोरालाही सांगाल म्हणून मी आधीच बंदोबस्त केलाय. मला नदीपलीकडच्या स्मशानात न्यायचं, असं बजावून ठेवलंय त्याला."

भट्टीवाल्यांना हे लागलं, पण ते वेगळंच बोलले. "तिथली भट्टी सारखी बंद पडते. लोक ताटकळतात."

"ताटकळू दे. मला कुठे घाई असणार आहे?"

घरातून बायकोची हाक आली. "काय म्हणतोय दादा?"

"गप्पा मारतोय," भट्टीवाले ओरडले.

 मेहुणे लिफ्टमधल्या स्टुलावर बसले, पुन्हा उठले, जाळीला धरून उभे राहिले. मग त्यांनी नाकाने हवा ओढली.

"शिरका घातलाय?"

"हो."

"पापुद्रा काढला?"

"सगळा."

"मध्ये किती वेळा उघडून बघितलंत?"

"एकदाही नाही."

मेहुण्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "एकदाही नाही? माझी बायको दर घटकेला उघडायची. जन्मभर वातड खाल्लं मी, आणि लोकांना वाटायचं खाटकाच्या घरी काय चंगळ असेल." ते थांबले.  "सकाळपासून पोटात काही नाही, दाजी. छोटीकडे जेवायचं म्हणून नुसतं पाणी प्यायलोय."

भट्टीवाले उठले. ओव्हनपाशी जाऊन क्षणभर थांबले आणि मग त्यांनी दार उघडलं. आतली धग अजून शाबूत होती. कागद सोडवला. लाली कुठेच नव्हती, पट्टी फिकट आणि ओली दिसत होती. त्यांनी एक हाड चिमटीत धरून उचललं, तर हाड तेवढं स्वच्छ वर आलं आणि मांस खालीच राहिलं.

"जळलं का?" बायकोने खोलीतून विचारलं.

"नाही."

"मग बोलत का नाही?"

 बशी भरून ते लिफ्टपाशी परतले. पण जाळीच्या फटी अरुंद होत्या, बशी आत जाईना. चमच्याने द्यायला गेले, तर मऊ मांस जाळीला लागून सांडलं. मग एकच वाट उरली. भट्टीवाल्यांनी मांसाचा तुकडा बोटांत घेतला आणि हात जाळीतून आत घातला.

मेहुणे त्या हाताकडे बघत राहिले. नखांभोवती काळी रेघ होती, घासून न जाणारी.

"हात धुतलेत ना?"

"धुतले. तुम्ही दुकानात धुवायचात का?"

"गिऱ्हाईक बघत असलं तर," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी तोंड पुढे केलं.

दात नसलेल्या हिरड्यांनी त्यांनी तो तुकडा हळूहळू घोळवला. डोळे मिटले. गिळायला बराच वेळ घेतला. शेजारीण दारातून बघत होती.

"अहो, काय झालं?" घरातून आवाज आला. "खाल्लं का दादाने?"

"खाल्लं."

"कसं झालंय म्हणाला?"

मेहुण्यांनीच मान वर करून उत्तर दिलं. "मीठ कमी आहे, छोटे." आणि जाळीशी पुन्हा तोंड नेलं.

बशी रिकामी होत आली तेव्हा वीजवाल्याने खाली फ्यूजच्या खोलीचं कुलूप तोडलं आणि वीज आली. लिफ्टने एक आचका दिला आणि ती वर येऊन थांबली. मेहुणे बाहेर आले, भट्टीवाल्यांच्या खांद्याचा आधार घेत दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी दम खायला थांबले आणि आत शिरले. बहिणीच्या खाटेच्या कडेला बसले. तिने रडत रडत चादर डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती, तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तिच्या प्लास्टरवर दोन टिचक्या मारून पाहिल्या.

उरलेल्या बरगड्या भट्टीवाल्यांनी ताटात वाढून आणल्या. मेहुणे सावकाश खात होते. मग हाडं ताटाच्या कडेला नीट लावत त्यांनी विचारलं, "दाजी, तुमची निवृत्ती कधी?"

"महिनाअखेर."

मेहुण्यांचा हात थांबला. त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं, ते जुळेना, म्हणून पुन्हा मोजलं.

"मुदतवाढ मिळते का तुमच्यात?"

"अर्ज दिला तर मिळते."

"मग उद्याच देऊन टाका," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं.